जुने सामान आणि माजी सैनिक

(गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल याच व्यासपीठावर संत वाङ्मयावर विद्वत्तापूर्ण व्याख्यान झाले आणि आज तुमच्या वाट्याला एक डिप्लोमा इंजिनियर आलेला आहे. विषयही भंगाराचा आहे, म्हणजे अगदी भंगाराचा नव्हे, जुन्या सामानाचा आहे. सैन्यातून बाहेर पडणारे सामान आणि सैन्यातून बाहेर पडणारी माणसे, या दोघांचे पुढे काय होते, एवढेच मला सांगायचे आहे. जबलपुरात हा विषय परका वाटू नये. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी इथे आहे, १९६९ सालची व्हेईकल फॅक्टरी इथे आहे, ग्रेनेडियर्सचे आणि जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र इथे आहे. आपल्यापैकी निम्म्या घरांचा चरितार्थ फॅक्टरीवर नाहीतर रेल्वेवर चालत आला आहे.

प्रथम थोडे आमच्या खात्याचे सांगतो, म्हणजे मुद्दा लवकर कळेल. मेन लाईनवरचा रूळ आम्ही बदलतो, तेव्हा काढलेला रूळ लगेच भंगारात जात नाही. त्याची झीज मोजतात, अल्ट्रासॉनिक यंत्राने आतला दोष शोधतात, वर्गवारी करतात. चांगला निघाला तर तोच रूळ लूप लाईनला, यार्डात, सायडिंगला लागतो. लावताना झिजलेली कड बाहेरच्या बाजूला घेतात आणि न झिजलेली कड चाकाकडे येते. तिथे तो आणखी कित्येक वर्षे काम करतो. आमच्या भाषेत याला सरळ 'सेकंड हँड रेल' म्हणतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मात्र तपासल्याशिवाय लावायचा नाही आणि त्याच्या ताकदीबाहेरचे काम त्याला द्यायचे नाही, या दोन अटी आहेत.

आता सैन्याच्या सामानाकडे येऊ. अमेरिकेत असले जुने सामान विकणाऱ्या दुकानांना 'आर्मी-नेव्ही स्टोअर' म्हणतात. या धंद्याचा एक मूळपुरुष म्हणजे न्यूयॉर्कचा फ्रान्सिस बॅनरमन. यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर त्याने लष्करी सामान लिलावात घ्यायला सुरुवात केली. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर तर स्पेनकडून जिंकलेला बहुतेक माल त्यानेच उचलला. एवढा दारूगोळा शहरात ठेवू देईनात, म्हणून १९०० साली त्याने हडसन नदीतले एक बेट विकत घेतले आणि त्यावर किल्ल्यासारखे कोठार बांधले. भिंतीवर आपल्या नावाची पाटी एवढ्या मोठ्या अक्षरांत घातली की नदीकाठच्या रेल्वेतल्या प्रवाशांना ती वाचता यावी! १९२० साली तिथल्या दारूचा स्फोट झाला आणि १९६९ साली आग लागली. आता भग्नावशेष उरले आहेत, तेही गाडीतून दिसतात. रेल्वेच्या माणसाला असली माहिती लक्षात राहते, त्याला इलाज नाही.

बॅनरमन व्यापारी होता. सैनिकाचे भले हा त्याचा धंदा नव्हता. तो विचार दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आला. युद्ध संपले की डोंगराएवढा माल उरणार आणि लाखो सैनिक घरी येणार, हे दिसत होते. अमेरिकेने ऑक्टोबर १९४४ मध्ये शिल्लक मालाच्या विल्हेवाटीचा कायदा केला. परत आलेल्या सैनिकाला छोटा धंदा किंवा शेती सुरू करण्यासाठी हा माल अग्रक्रमाने मिळावा, अशी त्यात तरतूद होती. कागदावर उत्तम! प्रत्यक्षात सरकारी खाती आधी आणि सैनिक बराच मागे. ओरड झाली, तेव्हा १९४६ साली दुरुस्ती करून त्याचा नंबर वर आणावा लागला. तरीही माल निघायचा तो मोठ्या लॉटमध्ये. ज्याच्याजवळ एक ट्रक घेण्याचे पैसे आहेत, त्याने पन्नास ट्रकांचा लॉट घ्यायचा कसा? प्रमाणपत्र सैनिकाचे आणि पैसा दुसऱ्याचा, असे प्रकार होणारच.

पण त्या मालाने एक वेगळेच काम केले. अमेरिकेच्या सैन्यात १९४३ साली पहाडात लढण्यासाठी एक डिव्हिजन उभी राहिली, पुढे ती दहावी माउंटन डिव्हिजन म्हणून प्रसिद्ध झाली. कोलोरॅडोत कॅम्प हेल नावाच्या तळावर, सुमारे २८०० मीटर उंचीवर तिचे प्रशिक्षण झाले. भरती करताना उमेदवाराकडून शिफारसपत्रे मागत, की हा माणूस बर्फात आणि डोंगरात टिकतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये इटलीत रिव्हा रिज नावाच्या कड्यावर हे लोक रात्री चढले. जर्मनांना वाटत होते की इकडून कोणी येऊच शकत नाही. (आपल्याला सिंहगड आठवणारच, मलाही आठवला.) अवघ्या चारएक महिन्यांच्या लढाईत या डिव्हिजनचे जवळजवळ १००० जवान कामी आले.

त्यांच्यासाठी खास सामान तयार केले होते. पिसांच्या स्लीपिंग बॅगा, तंबू, स्की, बर्फातले बूट, आणि सर्वांत महत्त्वाचा नायलॉनचा दोर. त्याआधी गिर्यारोहक मनिला किंवा तागाचे दोर वापरत. माणूस वरून पडला की तो दोर धक्का सोसत नसे, एक तर तुटे नाहीतर माणसाची कंबर मोडे. नायलॉन ताणला जातो आणि धक्का गिळतो. युद्धानंतर हे सगळे सामान पडत्या भावात बाजारात आले. ज्या छंदासाठी आधी श्रीमंती लागत असे, तो कॉलेजातल्या पोराला परवडू लागला. ही पोरे डोंगरात जाऊ लागली, तेव्हा त्यांना वाट दाखवायला कोण होते? त्याच डिव्हिजनचे घरी परतलेले सैनिक! पीट सायबर्ट इटलीत पायाला जबर जखमी झाला होता, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १९६२ साली व्हेलचे स्की केंद्र सुरू केले. पॉल पेटझोल्डने १९६५ साली तरुणांना डोंगर-जंगलात राहायला शिकवणारी शाळा काढली. डेव्हिड ब्राऊअर १९५२ साली सिएरा क्लबचा पहिला कार्यकारी संचालक झाला आणि पुढे नद्या-जंगलांसाठी सरकारशी भांडत राहिला. म्हणजे जुने सामान आणि ते वापरायला शिकलेला माणूस, दोन्ही एकाच वेळी बाजारात आले. नुसते सामान आले असते तर एवढे झाले नसते, असे माझे मत आहे.

इथे फॅक्टरीतल्या मंडळींसाठी एक मिनिट जेरीकॅनवर घेतो. अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत, पण हे सांगितलेच पाहिजे. २० लिटरचा हा डबा १९३७ च्या सुमारास जर्मनांनी केला, आणि जर्मनाला इंग्रज शिपाई 'जेरी' म्हणत, म्हणून तो जेरीकॅन. आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचे पत्र्याचे डबे गळून पेट्रोल वाया जाई, म्हणून ते पकडलेले जर्मन डबे जपून वापरू लागले आणि नंतर त्यांनी आणि अमेरिकनांनी त्यावरून आपले डबे केले. त्याला तीन मुठी का असतात? मधली मूठ धरून एक माणूस भरलेला डबा नेतो. कडेच्या दोन मुठी धरून दोघे मिळून एक नेतात. आणि रिकामे असतील तर दोन डब्यांच्या शेजारशेजारच्या मुठी एका हातात मावतात, म्हणजे एक माणूस चार नेतो. वर हवेची पोकळी ठेवल्यामुळे भरलेला डबा पाण्यात तरंगतो. ज्याने हे डिझाइन केले, त्याने प्रत्यक्ष डबे उचलणाऱ्याचा विचार केला होता, हे मला फार आवडते. आपल्याकडे पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत उचलणारा आणि डिझाइन करणारा यांची भेटच होत नाही.

भारतातही युद्धानंतर असा माल भरपूर उरला. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, तेच आजचे उल्हासनगर. महिंद्रांनी १९४७ साली विलिस जीप जोडायला सुरुवात केली. युद्धासाठी अमेरिका-कॅनडातून आलेली एडब्ल्यूडी आणि सीडब्ल्यूडी वाफेची इंजिने पुढे कित्येक वर्षे आपल्या मालगाड्या ओढत होती. आमच्या खात्यातल्या जुन्या लोकांना ती नावे पाठ असत.

आणि आपल्या जबलपूरची जोंगा! या नावातच जबलपूर आहे, हे बालगोपाळांना सांगा. निसानच्या गाडीवरून इथे व्हेईकल फॅक्टरीत ती १९६९ पासून बनू लागली आणि १९९९ पर्यंत बनत राहिली. सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन. सरकार पेट्रोल भरते तोवर ठीक, स्वतः भरायची वेळ आली की डोळ्यांत पाणी. म्हणून लिलावात घेतलेल्या पुष्कळ जोंगांमध्ये लोकांनी डिझेल इंजिने बसवली. २०१९ साली धोनीने रांचीत एक जुनी जोंगा घेतली, तेव्हा पेपरांत फोटो आले आणि आपल्या कॉलनीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीआर म्हणतात, त्याच्या योजनांमध्ये सैन्याने काढून टाकलेली वाहने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना देण्याची एक योजना राहिली आहे. तिच्याबरोबर दिल्लीकडचे दुधाचे बूथ, कोळसा वाहतूक, पेट्रोल पंप, सुरक्षा एजन्सी अशाही योजना आहेत. कल्पना तीच, १९४४ ची. आणि अडचणही तीच. गाडी स्वस्त मिळेल, पण ती रस्त्यावर आणायला भांडवल लागते, सिव्हिल नंबर लागतो, सुटे भाग लागतात. अग्रक्रम असून खिशात पैसे नसतील, तर मागे उभा असलेला कबाडी हसत हसत वाट पाहतो. मी योजनेला नावे ठेवत नाही. ती अर्धी आहे, एवढेच म्हणतो.

हे सारे आज बोलण्याचे कारण आकड्यांत आहे. दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक निवृत्त होतात आणि त्यांतले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस वयाचे असतात. आपण त्या वयात पहिल्या-दुसऱ्या प्रमोशनवर असतो, घराचे कर्ज घेतो, मुलगी सातवी-आठवीत असते. त्या वयात हा माणूस 'निवृत्त' होतो. त्यात २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षे नोकरी, मग शंभरातले पंचवीस जण कायम आणि बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी. एकरकमी निधी मिळतो, पेन्शन नाही. योजनेच्या गुणदोषांत मी जात नाही, सभागृहात दोन्ही बाजूंची मंडळी बसली आहेत आणि मला सुखाने घरी जायचे आहे. परंतु ही मुले आपल्याच गावात परत येणार आहेत.

सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत, ग्रुप सी मध्ये १० टक्के आणि ग्रुप डी मध्ये २० टक्के. रेल्वेने फाटकांवर गेटमन म्हणूनही माजी सैनिक घेतले आहेत. माझ्या सेक्शनमध्ये असे काही लोक काम करून गेले. डेटोनेटर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन, हा नियम त्यांना दुसऱ्यांदा सांगावा लागत नसे. पण त्यांतल्या एकाने मला एकदा विचारले होते, "साहेब, मी सतरा वर्षं रेडिओ सेट दुरुस्त केले. इथे दांडी वर आणि दांडी खाली. माझं जे येतं त्याचं काय?" मी त्यावर काही उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे काम चोख होते, पण मेन लाईनचा रूळ सायडिंगला पडला होता.

म्हणून मला सदरच्या बाजूचे एक छोटे दुकान महत्त्वाचे वाटते. आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. मालकांनी नाव घेऊ नका म्हणून सांगितले आहे. सैन्यात 'इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर' असा एक ट्रेड असतो, त्या ट्रेडमधून हे गृहस्थ नायक म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षे एटीएमच्या दाराशी बारा-बारा तास उभे राहिले. मग एक जड शिलाई मशीन घेतले. आता ते ट्रेकिंगच्या वापरलेल्या सॅक, तंबू, स्लीपिंग बॅगा, बूट विकत घेतात, दुरुस्त करतात आणि विकतात, भाड्यानेही देतात. पचमढीला जाणारी कॉलेजची मुले हे मुख्य गिऱ्हाईक. बरोबर आणखी दोन माजी सैनिक आहेत, त्यांतल्या एकाचा गुडघ्याखालचा पाय सुरुंगात गेला. चेन, बकल, पट्टे यांचे बसून करायचे काम त्याच्याकडे आहे आणि ते काम त्याच्यासारखे दुसऱ्या कोणाला जमत नाही.

हिशेब मी विचारून घेतला, सवयच आहे. एक सॅक ४०० रुपयांना घेतली, चेन आणि बकलांना दीडशे गेले, दोन तास काम, विकली ११०० ला. नवी तशी सॅक साडेतीन-चार हजारांची. तिघांची घरे चालतात, ऐश नाही. सैन्याच्या गणवेशाचे कपडे मात्र ते ठेवत नाहीत. पुष्कळ पोरे ठिपक्यांचे जॅकेट मागत येतात. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर सैन्यानेच असे कपडे विकू नका म्हणून आवाहन केले होते, आणि सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख घालणे गुन्हा आहे. हे गिऱ्हाईक ते हात जोडून परत पाठवतात.

तिथे बसून मला कळलेल्या दोन-तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. तंबू पावसातून आणून ओला गुंडाळून ठेवला की आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू सडतो. चिकट होतो आणि आंबूस वास येतो. तसा तंबू ते घेत नाहीत. बुटांचे तर उलटेच आहे. आपण म्हणतो, "दोनदाच घातलाय, अगदी नवा आहे." पण पॉलियुरेथेनचा तळवा कपाटात सात-आठ वर्षे पडून राहिला तर तिसऱ्या वेळी डोंगराच्या मध्यावर भुगा होऊन सुटतो. म्हणून ते तळव्यात अंगठा दाबून पाहतात आणि मगच भाव बोलतात. आणि चढाईचा दोर ते कितीही चांगला दिसला तरी घेत नाहीत, फुकट दिला तरी नाही. त्याने किती धक्के खाल्ले, किती ऊन खाल्ले, बॅटरीचे आम्ल लागले की काय, हे वरून दिसत नाही. आमच्या रुळाला यंत्राची चाचणी तरी आहे, दोराला तसे काही दुकानात करता येत नाही.

मी त्यांना म्हटले, बाहेर 'माजी सैनिकांचे दुकान' अशी मोठी पाटी लावा, गिऱ्हाईक वाढेल. ते म्हणाले, "लावली होती. लोक यायचे, नमस्कार करायचे, शंभर रुपये द्यायला बघायचे आणि काही न घेता जायचे. काढून टाकली." आता पाटीवर फक्त 'सॅक, तंबू, बूट दुरुस्ती' एवढेच आहे. मला वाटते, त्यांचे बरोबर आहे. १९१७ पासून चालत आलेल्या खडकीच्या क्वीन मेरीज इन्स्टिट्यूटमध्ये जायबंदी जवानांना हुन्नर शिकवतात, त्यामागेही हाच विचार आहे.

त्यांची आजची अडचण गिऱ्हाइकांची नाही, मालाची आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत मुले सॅक मागतात आणि दुकानात सॅक नसते. आणि इकडे आपल्या प्रत्येक घरात माळ्यावर एक तरी सॅक पडलेली आहे. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला गेला, त्याने नवी घेतली, जुनी आपण 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवली. आपण मराठी माणसे काही टाकत नाही, हा गुण की दोष यावर घराघरांत मतभेद आहेत. यूथ होस्टेलच्या ट्रेकचे सामान, स्काउटचे तंबू, साहेबांनी फॉरिनहून आणलेले बूट, सगळे आहे.

तेव्हा मंडळाच्या परवानगीने ठरवले आहे ते असे. विसर्जन झाल्यावर पहिल्या रविवारी सकाळी आठ ते दहा हे गृहस्थ आपले सहकारी घेऊन या हॉलच्या व्हरांड्यात बसतील. सामान तपासतील आणि जागीच भाव सांगतील. पटला तर द्या, नाही पटला तर परत न्या. फुकट देऊ नका, त्यांना ते चालत नाही. पैसे नको असतील तर ते मंडळाच्या पावतीपुस्तकात जमा करता येतील. ज्यांच्या सॅकची नुसती चेन गेली आहे, त्यांनी ती दुरुस्तीला दिली तरी चालेल, चार दिवसांत मिळेल. तंबू आणणार असाल तर शनिवारी उन्हात एकदा उघडून बघा. आणि चढाईचे दोर कृपा करून आणू नका, ते कपडे वाळत घालायला उत्तम आहेत.